वाटेचा हंडा

नळाला पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो. आधी नुसती हवा येते, मग चार थेंब, मग तांबूस धार आणि मग पाणी. घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ होती. तिथे रोज सकाळी सहाच्या सुमाराला हा कार्यक्रम सुरू व्हायचा. त्या वेळी नळापाशी उकिडव्या बसलेल्या परबकाकी नळाच्या तोंडाशी तळवा धरून विचारायच्या, "इलंस गे बाये?"

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सकाळी मी कोरी करकरीत पितळी घागर घेऊन खाली उतरले, तेव्हा हे शब्द माझ्या कानावर पडले. मला वाटलं, नव्या सुनेची विचारपूस चालली आहे. मी पदर सावरून म्हटलं, "हो, आले." रांगेतल्या साऱ्या बायका खो खो हसल्या. काकींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "तू पण इलंस? बरां झाला. पण आधी पाण्याक येवंदे."

मी पुण्याची. आमच्या घरी नळ सोडला की पाणी पडायचं, कुठल्याही वेळी. पाणी येतं आणि जातं, ही बातमी मला मुंबईत कळली. ते आल्यावर त्याला कुणी माहेरवाशिणीसारखं विचारतं, हे तर मी कुठेच ऐकलं नव्हतं. काकींची एकुलती एक मुलगी सावंतवाडीकडे दिलेली होती आणि दोन-दोन वर्षं तिचं येणं होत नसे. तो प्रश्न खरा कुणासाठी होता, ते मला फार उशिरा कळलं.

काकी ठेंगण्या, काळ्यासावळ्या. कासोट्याचं नऊवारी लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण, आणि अंगाला कायम भाजलेल्या मिरची-धण्यांचा वास. नवरा गिरणीत होता, तो मी यायच्या आधीच वारला. काकी घरोघरचा मसाला कुटून द्यायच्या आणि त्यावर एकटीचं पोट भरायच्या. नळाचा चार्ज त्यांच्याकडे कुणी दिला होता कोण जाणे. मी आले तेव्हा तो होता, एवढं खरं. कुणाचा नंबर कुणाच्या मागे, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, कुणाला आज पहिल्या पाळीला जायचंय, हे सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. भांडण झालंच तर त्या आवाज चढवत नसत. दोन्ही बायकांच्या कळशा बाजूला काढून ठेवायच्या आणि तिसरीची लावायच्या. भांडण आपोआप मिटायचं.

पण त्या पहिल्या सकाळी मला नवल वाटलं ते पहिल्या हंड्याचं. धार स्वच्छ झाली की काकी आपला तांब्याचा हंडा लावायच्या, काठोकाठ भरायच्या आणि डोक्यावर घेऊन स्वतःच्या खोलीकडे न जाता उलट दिशेला निघायच्या. चाळीच्या मागून टेकडीवर जाणारी पायवाट होती. तिच्या तोंडाशी एक सपाट काळा दगड होता. त्या दगडावर हंडा ठेवायचा, वर झाकण, झाकणावर पालथा पेला, की मग काकी परत येऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहायच्या. मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "ह्यो हंडो वाटेचो."

वर टेकडीवर पंधरा-वीस झोपड्या होत्या. दगड फोडणारी माणसं, बरीचशी दुष्काळी भागातून आलेली. त्यांना नळ नव्हता. जाणारा-येणारा त्या दगडापाशी थांबून पेलाभर पाणी पिऊन पुढे जायचा. शिवाय चाळीतल्या सगळ्यांचं भरून झालं की नळाची शेवटची धार टेकडीची, असा रिवाज काकींनीच पाडलेला होता. वरच्या बायका तेलाचे डबे घेऊन येत, गुपचूप भरून नेत. त्या कोण, कुठल्या, असं एकदा आमच्या सासूबाईंनी जरा सूर लावून विचारलं, तेव्हा काकी म्हणाल्या, "तान लागलेल्याक नाव इचारूचा नाय."  सासूबाईंना गप्प करणारं ते एकच माणूस मी पाहिलं, त्यामुळे माझी काकींवर भक्ती बसली.

मी त्यांना 'तुम्ही' म्हणत असे. चाळीत सगळ्या बायका त्यांना 'काकी, तू' म्हणायच्या. माझ्या जिभेला ते जमेना. काकी वैतागायच्या. "तुम्ही-तुम्ही काय करतंस? मी काय हापिसर आसंय?" मी दुसऱ्या दिवसापासून प्रयत्न करायचे आणि पुन्हा 'तुम्ही'वर यायचे. पुण्याचं पाणी, असं म्हणून त्या सोडून द्यायच्या.

दुपारी शाळेतून आले की मी त्यांच्या दारात बसायची. मी शाळेत मराठी शिकवायची. त्या मुसळ चालवत, मी वह्या तपासत असे, आणि मुसळाच्या तालावर त्यांच्या गावच्या विहिरीची गोष्ट चालू व्हायची. विहिरीला त्या बाव म्हणत. चिऱ्यांनी बांधलेली, आत नेचे उगवलेले, काठाशी जांभळाचं झाड. "पाण्यात तोंड दिसता गे, आरशाची गरज नाय. आणि चव? जांभळाचो वास येता पाण्याक." नवरा गेल्यावर दिराने वाटणीचं काहीबाही काढलं आणि घराचं दार त्यांना बंद झालं. तरीही दर वर्षी त्या म्हणायच्या, "ह्या वर्साक जातलंय. घरात नाय जावचंय. बावीर जातलंय, पोटभर पाणी पितलंय आणि पाठी फिरतलंय." वर्ष जायचं आणि त्या इथेच असायच्या. कधी मुलीचं बाळंतपण यायचं, कधी कुणाचं आजारपण. गाडीभाड्यासाठी साठवलेलं कुठल्यातरी घरात जायचं.

संप झाला आणि गिरण्या बसल्या, तेव्हा चाळीतले निम्मे पुरुष घरी बसले. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झाला, कुणी कोकणात परत गेला. त्यातून लोक थोडे सावरतात न सावरतात तोच पाणीपट्टी वाढली. मग पुन्हा वाढली. तोवर नळाशेजारच्या लोखंडी पेटीतल्या मीटरकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. काकी त्या पेटीवर आपला मशेरीचा डबा ठेवायच्या, इतकाच तिचा उपयोग. आता लोक पेटीचं झाकण उघडून आत डोकावायला लागले. काटा फिरताना पाहायला लागले. हंडा भरून वर सांडणाऱ्या पाण्याकडे पाहून एकमेकांना बोलायला लागले. माणसं वाईट नव्हती. घरात येणारं आटलं होतं आणि बाहेर जाणारं वाढलं होतं, इतकंच.

चाळीचे सेक्रेटरी देसाईभाऊ पोस्टात होते. सरळ माणूस. त्यांनी एका रविवारी गॅलरीत मीटिंग बोलावली. "अरे यार, असंच चाललं तर आपली वाट लागेल," ते म्हणाले. "नळ कापला ना, तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" बराच आरडाओरडा होऊन ठरलं की माणशी दोन हंडे, लहान मुलाला एक, आणि टेकडीची शेवटची धार बंद. देसाईभाऊंनी हा नियम खडूने फळ्यावर लिहिला आणि फळा नळावर टांगला.  सगळे उठायला लागले तेव्हा काकी म्हणाल्या, "म्हणजे माका दोन हंडे."

"हो काकी, एकट्या माणसाला दोन."

"त्यातलो एक वाटेचो."

"काकी, समजून घ्या ना—"

"भाऊ, माझे दोन मी पियेन नायतर वतून टाकीन. मीटर तेवढोच फिरतलो."

 दुसऱ्या दिवसापासून काकींचं घर एका हंड्यावर चाललं. मी जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगते. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, भांड्यांचं पाणी अंगणात तुळशीला. आंघोळ एका लहान बादलीची, आणि तीही एक दिवसाआड. लुगडं धुण्यासाठी त्या महिन्यातून दोनदा कुठल्याशा नातेवाइकांकडे कांजूरमार्गला जायच्या. आम्हाला सांगायच्या, भेटायला जाते. वाटेचा हंडा मात्र रोज काठोकाठ.

आता त्या हंड्यातलं पाणी फक्त वाटसरूंच्या पिण्यापुरतं राहिलं नव्हतं. वरच्या झोपड्यांतली चंद्री नावाची एक बाई होती, जालन्याकडची. नवरा कामाच्या शोधात म्हणून गेला तो परतला नव्हता. घरात अंथरूण धरलेली सासू गोदा आणि चार वर्षांची मुलगी. बाकीच्या बायका लांबच्या सार्वजनिक नळावर जायच्या, नाहीतर हातगाडीवाल्याकडून डबा विकत घ्यायच्या. चंद्रीला दगड फोडायला वेळेवर पोचायचं असायचं आणि विकतचं तिला परवडत नव्हतं. काकींच्या हंड्यातला अर्धा ती डब्यात ओतून न्यायची. त्या अर्ध्या हंड्यावर तिन्ही जीव होते.

आणि मग मी मध्ये पडले.

त्या वर्षी बिल असं आलं की देसाईभाऊंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आपण रीतसर अर्ज करू. गिरणी कामगारांची चाळ आहे, सवलत मागू. माणसं असतात तिथे, वाचतात, विचार करतात. माझा नवरा सुधीर म्हणाला, "तू लिही गं. तुझं मराठी एकदम झकास आहे." झालं. मी दोन फुलस्केप कागद भरून अर्ज लिहिला, खाली कार्बन घालून. 'सदर चाळीतील बहुसंख्य कुटुंबप्रमुख आज बेकार असून' इथून सुरुवात केली. आणि दुसऱ्या पानावर, ज्याचा मला सर्वात जास्त अभिमान होता, तो परिच्छेद: 'अशा बिकट परिस्थितीतही या चाळीतील रहिवाशांनी माणुसकी सोडलेली नाही. टेकडीवरील तहानलेल्या कुटुंबांना ते आपल्या वाट्याचे पाणी आजही नित्यनेमाने देत आहेत.' हे वाचून दगडालाही पाझर फुटेल, असं मला वाटलं होतं. मी अर्ज गॅलरीत मोठ्याने वाचून दाखवला. बायकांनी पदराने डोळे टिपले. देसाईभाऊ म्हणाले, "वा! मानलं तुम्हाला."

काकी खांबाला टेकून ऐकत होत्या. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आल्या.

"बाये, ता चंद्रीचा कशाक लिवलंस?"

"काकी, त्यामुळेच तर त्यांचं मन द्रवेल. आणि खरं तेच लिहिलंय ना मी?"

"खरा आसा. पण दिलेला सांगूचा नसता."

मी त्यांना समजावलं. सरकारी कामात सगळं स्पष्ट लिहावं लागतं, लपवण्यासारखं आपण काय करतोय, वगैरे. शाळेत मुलांना समजावते तशी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू शिकलेली. तुका कळता." त्यांनी तो परिच्छेद काढायला पुन्हा सांगितलं असतं तर मी काढला असता. असं मी अजून स्वतःला सांगते. खरं म्हणजे नसता काढला. त्याची भाषा फार चांगली जमली होती.

अर्जाचं उत्तर माणसाच्या रूपाने आलं. पाणीपट्टीच्या कचेरीतून एक गृहस्थ आले, हातात माझाच अर्ज. दुसऱ्या पानावरच्या परिच्छेदाखाली लाल रेघ होती. मन द्रवल्यावर लोक लाल रेघ मारत नाहीत, एवढं मलाही कळलं. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी चहा घेतला, मीटर पाहिला, फळा वाचला. मग म्हणाले की ही जोडणी या चाळीतल्या घरांपुरती आहे, बाहेर पाणी देणं नियमात बसत नाही, आणि तुम्ही तर ते लेखी कळवलंय. लेखी कळवल्यावर आम्हाला काही न करून चालत नाही. सवलत नाकारली गेली. वर चाळीतल्या प्रत्येक घराने हमीपत्रावर सही करून द्यायची, नाही दिली तर नळ कापला जाईल.

"कुणी सांगितलं होतं एवढं लिहायला?" एक बाई म्हणाली. तोपर्यंत सगळ्यांनीच सांगितलं होतं. आता कुणीच सांगितलं नव्हतं.

हमीपत्रही मलाच लिहावं लागलं. माझं अक्षर चांगलं होतं ना! तेवीस घरं, तेवीस सह्या. बावीस झाल्या. देसाईभाऊ हमीपत्र घेऊन काकींच्या दाराशी गेले, मागे सगळी चाळ. मी सर्वांत मागे. काकी मुसळ थांबवून हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या एका सहीवर सगळ्यांचं पाणी होतं, आणि सही केली की चंद्रीचा डबा कोरडा. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 

"ती खंय आसा, लिवणारी? तिका वाचूक सांगा."

मी पुढे झाले. कागद घेऊन वाचलं. "आम्ही खाली सह्या करणार रहिवासी असे लिहून देतो की, सदर नळाचे पाणी चाळीबाहेरील कोणत्याही व्यक्तीस देणार नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं.

"चाळीभायल्या माणसाक देवचा नाय. बरां." त्यांनी पेन घेतलं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. एकेक अक्षर कोरून त्यांनी 'सरस्वती परब' असं लिहिलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला ते फार लागलं. रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी त्या दिवशी पुन्हा मुसळ उचललं नाही. दुपारी, आम्ही सगळे आपापल्या दारात बसलेले असताना, काकी मागच्या पायवाटेने टेकडी चढून गेल्या. तासाभराने खाली आल्या तेव्हा पुढे त्या, डोक्यावर गोधडीचं गाठोडं आणि कडेवर ती चार वर्षांची मुलगी. मागे चंद्री, आणि चंद्रीच्या पाठीवर म्हातारी गोदा. वरात काकींच्या खोलीशी थांबली. गोदाला आत चटईवर निजवलं. मग काकी बाहेर आल्या आणि देसाईभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, चाळीत ऱ्हवणाऱ्या माणसाक पाणी देवक तुमची ना नाय मा?"

"काकी, या पाहुण्या—"

"पाहुणी न्हय. ही गोदा माझी बहीण आसा. आजपासून हंयसरच ऱ्हवतली. फळ्यार काय लिवलास तुम्ही? माणशी दोन, पोराक एक." बोटं मोजून त्यांनी सांगितलं, "माझे दोन, बहिणीचे दोन, पोराचो एक. माका पाच हंडे."

देसाईभाऊंनी फळ्याकडे पाहिलं. त्यांच्याच हातचं अक्षर होतं. मग म्हणाले, "पाच तर पाच." वर जाताना ते हसत होते, असं सुधीर म्हणतो. मला काही दिसलं नाही, माझे डोळे भरले होते.

दहा बाय दहाच्या त्या खोलीत दोघी म्हाताऱ्या तीन वर्षं राहिल्या. चंद्री रात्री झोपडी राखायला वर जायची, जेवायला-न्हायला खाली. गोदाची भाषा काकींना कळायला महिना गेला आणि काकींची गोदाला शेवटपर्यंत कळली नाही. भात की भाकरी यावरून रोज वाजायचं. काकींची बाव आता आम्हा दोघींना ऐकावी लागे. गोदा दर वेळी अविश्वासाने विचारायची, "हिरीला उन्हाळ्यात पानी ऱ्हातंय? खोटं नगा बोलू, बाई." काकी शपथा घ्यायच्या. गोदाच्या गावची नदी तिच्या हयातीत दोनदाच वाहिली होती. ती म्हणायची, "एकडाव न्या मला. हात घालून बघीन, मंग खरं." काकी म्हणायच्या, "ह्या वर्साक जावया दोघी."

पण वाटेचा दगड रिकामा झाला होता. वरचे जाणारे-येणारे दोन-चार दिवस सवयीने दगडापाशी थांबले आणि तसेच पुढे गेले. काकी त्या वेळी दगडाकडे पाठ करून बसायच्या. सगळ्यांना खोलीत आणता येत नाही, हे त्यांना कळत होतं. हंडा त्यांनी दगडावर पालथा ठेवून दिला. पाणी आल्यावर त्या अजून विचारायच्या, "इलंस गे बाये?" पण मग पुढे काय करायचं ते विसरल्यासारख्या क्षणभर थांबायच्या. पहिला हंडा हातात घेऊन थांबलेल्या काकी मला अजून दिसतात. ते माझ्यामुळे झालं होतं. मी एकदा माफी मागितली, तर म्हणाल्या, "तुझ्या मनात वायट नव्हता. अर्जात चूक नव्हती. फक्त तो लिवूचो नव्हतो."

गोदा आधी गेली. नंतर वर्षभरातच काकींच्या पायांवर सूज आली, मग पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी सांगितलं की पाणी मोजून द्या, दिवसाला चार पेले, जास्त नाही. काकी तशाही अवस्थेत हसल्या. "म्हणजे हंयसर पण मीटर बसवल्यानी." चंद्री आता खालीच राहायची. शाळेतून आल्यावर मी बसायची. मुलीला तार केली होती, ती वाटेत होती.

त्या दिवशी दुपारी चंद्री औषध आणायला गेली होती. चौथा पेला सकाळीच संपला होता. काकींचे ओठ सुकले होते. डोळे उघडून म्हणाल्या, "बाये, बावीचा पाणी व्हया."

मी उठले. कोपऱ्यात नळाचाच माठ होता. पेला भरला. गुळाचा खडा हातात घेतला. त्यांच्या डोक्याखाली हात घातला आणि म्हटलं, "काकी, घे. यांचा मित्र काल गावाहून आला ना, त्याच्याबरोबर मागवलं होतं. तुझ्या बावीचं आहे."

आयुष्यात कुणाशी इतकं सरळ तोंडाने खोटं मी बोलले नव्हते. आणि 'तू' कधी म्हणाले, ते माझं मलाही कळलं नाही.

त्या हळूहळू प्यायल्या. घोट घेऊन थांबायच्या, पुन्हा प्यायच्या. पेला सबंध संपवला. गूळ जिभेवर घोळवत बराच वेळ डोळे मिटून पडल्या. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"आता बरो अर्ज लिवलंस गे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी पोचली. तिचा हात हातात घेऊन काकींनी एवढंच विचारलं, "इलंस गे बाये?" त्या रात्री त्या गेल्या.

आता आम्ही मुलुंडला सातव्या मजल्यावर राहतो. नळ सोडला की पाणी पडतं, कुठल्याही वेळी. पुण्याला माझ्या माहेरी होतं तसंच. पाणी येण्याची वाट बघावी लागत नाही आणि त्याला काही विचारावं लागत नाही. कधी गच्चीवरची टाकी धुतात, त्या दिवशी नळ फुसफुसतो. आधी हवा, मग चार थेंब. तेवढ्या वेळात मी हातातलं काम टाकून नळाशी जाऊन उभी राहते. सुधीर विचारतो, "काय गं, काय झालं?" मी म्हणते, काही नाही, पाणी येतंय. त्या अर्जाची कार्बन कॉपी माझ्या कपाटात आहे. अधूनमधून काढून वाचते. शुद्धलेखनाची एकही चूक सापडत नाही.